मुख्याने केलं, ते सगळ्यांनी केलं

...नाही, पण मला सांगा, दोन-दोन प्रती असताना माणसाने घाबरायचं कशाला? मी आपला बिनघोर! आमची सूनबाई नव्या नोकरीसाठी डेटाबेसचं रेप्लिकेशन शिकतेय. जेवणाच्या टेबलावर तीन जुने कॉम्प्युटर मांडलेत, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. म्हणाली, "बाबा, हा मुख्य. यात भरलेलं त्या दोघांत आपोआप उतरतं." म्हटलं, एवढंच? अगं, जन्मभर शिवणकाम केलंय! मुख्य कारागीर कापेल तसं बाकीच्यांनी कापायचं. मुख्याने केलं, ते सगळ्यांनी केलं!

सरावाला तिने घरचेच फोटो, आवाज भरले. त्यात आमच्या हिचा आवाज. ही गेली, आवाज ज्यात होता तो फोनही भंगारात गेला, उरला हा एवढाच. रोज दुपारी ऐकतो. तर परवा माझं हे सुईने बधिर झालेलं बोट भलतीकडेच पडलं. मशीन विचारतंय, 'पुसू का?' आता इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा!

पुसलं. तरी मी बिनघोर! दुसऱ्यात बघतो... तिथेही नाही!

"सूनबाई, अगं, हिला कुठे ठेवलंस?"

"बाबा! पुसलेलंही उतरतं हो!"

"मग प्रती कशाला घातल्यास जन्माला?"

"मशीन बिघडलं तर! माणूस चुकला तर वेगळा बॅकअप लागतो. तो मी... आज घेणार होते."

ती रडवेली, मी खुर्चीत. आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मुख्याने बाही आखूड कापली, की सगळ्यांच्या बाह्या आखूड! मुख्याने केलं, ते सगळ्यांनी केलं!

तिसरा मात्र काळाठिक्कर. का? तर सकाळी इस्त्री लावायला त्याचा प्लग मीच काढलेला! धावलो लावायला, तर सूनबाई किंचाळली, "थांबा! चालू झाला की मागे राहिलेलं सगळं गिरवेल, पुसणंसुद्धा!" आधी तिने त्याची मुख्याकडे जाणारी वायर उपटली, मग प्लग लावला. मशीन घरघरलं... मी श्वास रोखून... आणि हिचा आवाज आला हो!

"अहो, मी काय म्हणतेय? ऐकताय का?"

आता सूनबाईने तो चार ठिकाणी वेगवेगळा जपून ठेवलाय. संसारभर हा प्रश्न एका ठिकाणाहून यायचा, आता चार ठिकाणांहून येतो. काय करणार... चारही ठिकाणी सांगतो, हो गं, ऐकतोय.