डागवाला हिरा

लग्न ठरलं तेव्हा नाही, पण अंगठी घेताना मला घाम फुटला यार. श्वेताला घेऊन बोरीवलीच्या एका दुकानात निघालो, तर आई म्हणाली, "मीपण येते." होणाऱ्या सासू-सुनेची ही पहिलीच खरेदी. एकीला दुसरीचं काही खटकलं असतं, तर मेलो असतो मी!

सेल्समनने दोन हिरे काढले आणि आईच्या हातात भिंग दिलं. "मॅडम, रंगात डी ग्रेड सगळ्यात वरची."

"आमच्या शाळेत डी म्हणजे नापास," आई म्हणाली.

तो कसनुसा हसला. "हा खाणीतला. आत बारीक काळा ठिपका दिसतोय? आणि हा लॅबमध्ये बनवलेला. एकदम स्वच्छ, आणि किंमत पाव."

"दोन्ही खरे हिरेच ना?"

"हो, खरेच."

"मग डागवाला महाग कसा काय?"

"मॅडम, तो निसर्गात तयार झालाय. करोडो वर्षं लागतात."

आईने भिंग खाली ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं. "हापण निसर्गातच तयार झालाय. चौतीस वर्षं लागली, आणि डाग बघायला भिंगही लागत नाही. याचे किती द्याल?"

श्वेताकडे बघायची माझी हिंमतच होईना. तिने शांतपणे लॅबवाला हिरा उचलला.

"काकू, डागवाला एक मी आधीच पसंत केलाय. अंगठीत तरी स्वच्छ असू दे."

आईने तिला तिथेच टाळी दिली.