अनवाणी पाळत

दौंडला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी आया बोलत होत्या. एक पाटसची अनुपमा, दुसरी शिरूरची महेजबीन. दोघींच्याही लेकरांना जेमतेम उजेड-अंधार तेवढा कळतो, हे बोलण्यातनंच समजलं.

"ताई, पाच वर्षांचा रविराज खरंच एकटा जातो अंगणवाडीत?"

"गल्लीच्या टोकाला तर हाय, भाभी. काठी टेकीत जातो. म्हणला, आई, तू यायचं न्हाई."

"आन् तुम्ही सोडलं?"

"सोडलं की! फक्त मागनं गेले."

"त्याला कळलं न्हाई?"

"बांगड्या वाजल्या, लगेच वळला. दुसऱ्या दिशी बांगड्या उतरवल्या, तर सासूबाई कडाडल्या, नवरा जिता हाय आन् हे काय! त्यात चप्पल वाजली. मग चप्पल बी काढली. खडीच्या रस्त्यानं अनवाणी, पदर खोचून, मांजरीवानी."

"या अल्ला! मग?"

"मग पारावरनं कोंडिबाआबा वरडले, 'सूनबाई, चोरावानी कुठं निघालीस?'"

"झालं, सगळं मुसळ केरात!"

"रविराज थांबला. म्हणला, 'आबा, आईला तेवढं घरी पोचवा. ती एकटी घाबरती.'"

"आन् आबांनी पोचवलं?"

"थेट दारापत्तुर."