कारल्याचे एकावन्न प्रकार

काशीच्या पोस्टातल्या रांगेत नाशिकच्या पद्माताईंच्या पुढे एक गुरुजी आणि त्यांची बायको उभी होती. तिनं लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकाच्या, संपादकांना फुकट पाठवायच्या प्रतींचा गठ्ठा बायकोच्या हातात होता. वरच्या प्रतीवर लिहिलं होतं, ‘कारल्याचे एकावन्न प्रकार’. मराठी ऐकून पद्माताईंनी कान टवकारले.

“अहो, अखबारात विज्ञापन द्यायची आपली ऐपत नाही. पण घाटावर तुमच्याकडे रोज महाराष्ट्रातले यजमान येतात. त्यांना पुस्तक दाखवायला काय जातं?”

“दाखवलं. आज सकाळीच आठ जणांना दाखवलं.”

“मग?”

“शरदिनी, काशीला आल्यावर माणूस आपली एक आवडती वस्तू कायमची सोडतो.”

“हे मला सांगताय?”

“आठही जणांनी कारलं सोडलं.”

“त्यांना आवडतं म्हणून?”

“संकल्पात तरी तसंच म्हणाले.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“गंगेत उभ्या माणसाला खोटारडा कसं म्हणू?”

“मग उद्यापासून पुस्तक आधी दाखवा आणि संकल्प नंतर सांगा.”

“आज आधीच दाखवलं होतं. काल दाखवलं नव्हतं, तेव्हा तिघांनीच सोडलं होतं.”

मग पद्माताईंनी पुढे होऊन पर्स उघडली.

“वहिनी, एक प्रत मला द्या. आमच्या ह्यांनी काल दोडका सोडलाय.”

शरदिनीबाईंचा चेहरा उजळला. “घ्या ना! आणि तुम्ही काय सोडलंत?”

पद्माताईंनी पुस्तक पिशवीत तळाशी घातलं आणि विचारलं, “तिकिटं याच खिडकीवर मिळतात ना?”