देविकाची मँचेस्टरची जागा

सन्माननीय अध्यक्ष डॉ. कमलाकरराव, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या कॉव्हेंट्रीच्या मंडळाचे सभासद आणि समोशांकडे लक्ष ठेवून बसलेल्या बालमित्रांनो,

दर सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला निघालेल्या मुलांना आपण शाल-श्रीफळ देतो. यंदाच्या, २००९च्या यादीत देविकाचं नाव पहिलं होतं. ए-लेव्हलच्या परीक्षेत तीन ए, मँचेस्टरला केमिस्ट्री. ते नाव मी माझ्या हातानं खोडलं. आज तिचा सत्कार नाही, निरोप आहे. शुक्रवारी ती आईवडिलांबरोबर नागपूरला चालली आहे, कायमची.

का? तिचे वडील अनुपराव वर्क परमिटवर इथे आले तेव्हा देविका सात वर्षांची होती. पुढे कंपनी बुडाली, व्हिसा संपला, पोरगी मात्र शाळेत रमली होती. शाळेनं कधी कागद मागितले नाहीत. युनिव्हर्सिटीनं मागितले.

आपण मंडळी एकमेकांना पगार विचारतो, मुलाचं लग्न का जमत नाही तेही विचारतो. व्हिसाचं तेवढं विचारत नाही, आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. पण मला तर विचारलं गेलं होतं. चार वर्षांपूर्वी अनुपराव माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले, "सुप्रभाताई, सात वर्षं राहिलेल्या मुलांना इथेच राहू देतात, अशी सवलत आहे म्हणतात. अर्ज करू का?" मी चहा पुढे केला आणि म्हटलं, "कशाला उगाच व्हिसावाल्या होम ऑफिसच्या नजरेत येता? शिकतेय ना पोरगी? गप्प राहा." त्यांनी माझा शब्द मानला. गेल्या डिसेंबरात ती सवलत बंद झाली.

परवा देविका घरी आली होती. म्हणाली, "मावशी, माझी ऑफर वेबसाइटवर अजून दिसते. मी रोज लॉगइन करते. जस्ट बघायला."

युनिव्हर्सिटीच्या हॉल्समध्ये राहायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी लिंबाच्या लोणच्याची बरणी देते. देविकाची मी जूनमध्येच भरली होती. आता नागपूरला लोणचं कोण नेतं? बरणी ओट्यावर आहे, आणि मला अजून वाटतं, रविवारी गाडी काढावी आणि तिला मँचेस्टरला सोडून यावं. फार वाटतं हो.

असो. हॉल देणाऱ्या शाळेचे आणि जेवण सांभाळणाऱ्या श्यामलाताईंचे आभार. कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर घरचीच बाई बोलतेय म्हणून सांभाळून घ्या.

देविका, तुझ्याकडे मात्र निराळं मागायचं आहे. चूक माझी होती आणि कॉलेज तुझं गेलं. जमेल तेव्हा मला माफ कर.