डाव्या बाजूचा खटका

हर्षा : पक्कड नको काका, दहाचा पाना आहे माझ्याजवळ. तुम्ही फक्त बोनट दाबून धरा.

परसराम : धरतो ना बेटा. पन हे काय खोलून राहिली तू? मी बॅटरी घेऊन आलो, का जीप चालू करून मोहाडीले न्यावं. आन तू तिले इथंच सुटी करून राहिली.

हर्षा : जीप न्या तुम्ही. मी फक्त हे दोन खटके काढून घेते.

परसराम : बोनटचे? बाप्पा. मंग बोनट कोन धरून ठेवन? गोबरवाहीच्या रेल्वे फाटकापर्यंत तरी पोचू दे. पह्यल्याच गड्ड्यात बोनट उसळन आन काचेवर येऊन पडन. मले ना रस्ता दिसन ना म्हैस.

हर्षा : दोर आणून ठेवलाय. मी बांधून देते. मोहाडीत दुसरे खटके बसवा, कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतात.

परसराम : कुठंबी भेटतात, तं मंग हेच कायले पायजे तुले?

हर्षा : माझे आहेत म्हणून.

परसराम : आता काय बोलावं. वहिनी, ओ वहिनी, बाहेर या जरा. तुमची पोरगी माह्या जीपचे दात पाडून राहिली.

तुळसा : च्या घेऊन येऊनच राहिली मी. जय भीम, परसराम भाऊ. आन तुमची कुठं झाली अजून जीप? अंगनातून निघन तवा तुमची.

परसराम : जय भीम. हे बी खरं हाय.

तुळसा : आन तू वो हर्षा, उजाडलं तवापासून त्या गाडीभोवती काय फिरून राहिली? हात पाह्य कसे झाले. लायब्ररीत जाशीन तवा पुस्तकायले डाग लागतीन.

हर्षा : माय, सगळं तर देऊन टाकलं आपण. बाबांचे कपडे दिले, पलंग दिला. जीप द्यायचं तूच म्हटलंस, मी नाही म्हटलं नाही.

तुळसा : उभ्या गाडीत कोंबड्या बसून राहिल्या. धानाचं रोवनं आटोपलं आन हर्षाचे बाबा गेले, तवापासून तिचं चाक नाई फिरलं. वापरातली वस्तू होती, वापरात जावं. परसराम भाऊच्या हातात गेली तं मले वाईट नाई वाटत.

परसराम : जिल्ह्याची वाटनी झाली त्या साली डोमाभाऊनं घेतली होती ना ही? मले चांगलं याद हाय. स्टँडवर सारे म्हनत, गोंदियाले जिल्हा भेटला आन डोमाले जीप.

तुळसा : तेबी जुनीच घेतली होती. आली तवाच बोनट तारेनं बांधून होतं. डबडं वाजल्यावानी वाजे.

हर्षा : तेव्हापासून मनात होतं माझ्या. नोकरी लागल्यावर आधी हेच आणले. किती रुंद पाहिजेत ते सुतळीनं मोजून नेलं होतं इथून.

परसराम : मले माहीत नाई का? डोमाभाऊ साऱ्या स्टँडवर दाखवत जाय. "पोरीच्या पह्यल्या पगाराचे" म्हने. चिखल्याच्या खदानीवर असा ड्रायवर नाई ज्यानं हे दाबून नाई पाह्यले.

हर्षा : दाखवायचे?

परसराम : दाखवे म्हनजे? खट करून लावे, फट करून उघडे. "पाहा, स्प्रिंग कशी ओढते. बोनट आता हूं का चूं करत नाई." आमाले कटाळा ये, त्याले ये नाई.

हर्षा : मला कधी काही म्हणाले नाहीत.

तुळसा : तुले कसे म्हनतीन? तुनं आनले तवा त्यायनं ते फडक्यात गुंडाळून बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवले. मीच म्हटलं, वंदना झाली असन तं आता गाडीले लावा.

हर्षा : लावले. आणि डावा उघडा ठेवायला लागले.

परसराम : कोन उघडा ठेवे?

हर्षा : बाबा. जेव्हा जेव्हा मी सुट्टीत घरी असायची, संध्याकाळी जीप यायची ती वाजतच. मी जाऊन पाहायची, तर उजवा लावलेला आणि डावा लोंबत असायचा. एकदा विचारलं, बाबा, नीट बसत नाही का? माप चुकलं का माझं? म्हणाले, नाही नाही, मस्त आहे. आणि माझ्यासमोर दाबून लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

तुळसा : मले तं वाटे, त्याची स्प्रिंग गेली.

हर्षा : मग मला सांगायचं होतंस. बदलून आणला असता.

तुळसा : कशी सांगू? तुह्या पह्यल्या पगाराची वस्तू. ते खराब निघाली म्हनून तुले काहून सांगू?

हर्षा : आणि मी पुन्हा विचारलं नाही. वाटलं, त्यांना आवडले नसतील. जुनी तारच बरी वाटत असेल. पोरगी नागपूरहून काहीबाही आणते, तिचं मन कशाला मोडा, म्हणून एक बाजू तेवढी लावत असतील. असू दे. बिनकामाची वस्तू आहे, काका, मी घेऊन जाते. या जीपला तिची सवय नव्हतीच.

परसराम : थांब. तो पाना ठेव खाली. ठेव म्हनतो ना. आता हा उजवा खटका पाह्य. कसा दिसते?

हर्षा : थोडा गंजलाय. काळा रंग आहे अजून.

परसराम : आता डावा पाह्य.

हर्षा : याचा रंग गेलाय. जिथं अंगठा बसतो तिथला तर सगळाच. आतलं लोखंड दिसतंय.

परसराम : एकाच दिवशी बसवले दोन्ही, एकाच गाडीले. पानी टाकाले बोनट उघडलं तं दोन्हीले हात लागते. मंग याचाच रंग कुठं गेला? जो उघडाच लोंबते त्याले कोन हात लावते?

हर्षा : मला नाही कळलं.

परसराम : वहिनी, सांगू का? डोमाभाऊनं सांगू नको म्हटलं होतं.

तुळसा : सांगा आता. कोन येऊन रागावते?

परसराम : माही गाडी वर्कशॉपमध्ये राहे, तवा मी डोमाभाऊच्या बाजूले बसून येत जाओ. चिखल्याहून निघतानी दोन्ही खटके लावलेले. सारा रस्ता गाडी चूप. मांगं खदानीतले लोक झोपा काढत. आन पक्का रस्ता सोडून तुमच्या गावाकडं वळाचा मोड आला, नाल्याच्या रपट्याआधी मोहाचं झाड हाय ना, तिथं गाडी थांबे. डोमाभाऊ म्हने, "परसराम, उतर. डावा खोल."

हर्षा : खोल?

परसराम : हाव. मी नसलो तं सोता उतरे. डावा खटका उघडे आन मंग गाडी हाके. खडखड खडखड, थेट तुमच्या अंगनापर्यंत. खदानीतले लोक जागे होऊन म्हनत, "डोमाभाऊ, हॉर्न खराब झाला का?" तं म्हने, "हॉर्न तं मी म्हशीलेबी वाजवतो."

तुळसा : असे म्हनत?

परसराम : रोज. नवीन मानूस बसला तं त्याले वाटे, ड्रायवर लघवीले उतरला. तोबी मांगून उतरे.

हर्षा : पण कशासाठी, काका?

परसराम : मीबी इचारलं, हे काय नाटक? तं म्हने, तुह्या वहिनीनं सांगतलं...

तुळसा : थांबा भाऊ. ते मी सांगते. माह्याच तोंडचं हाय.

हर्षा : काय म्हणालीस तू?

तुळसा : तुले तं माहीत हाय, त्यायले वाफेचाच भात पायजे. गार भात पाह्यला का तोंड उतरे. मी चुलीवर आंधन ठेवून बसत जाओ. मोडावर बोनट वाजलं का तांदूळ टाको. ते खदानीची काळी धूळ धुवत, लुगडं-धोतर वाळत असन ते काढत, तवरक भात होये. मंग तुहे खटके आले. गाडी अंगनात येऊन उभी राहे तरी मले पत्ता नाई. वर पाहो तं मानूस दारात. एकदा मी चिडून म्हटलं, असे चोरावानी काहून येता? बोनट वाजे तं मले समजे तरी, घरचं मानूस येऊन राहिलं.

हर्षा : मग? बाबा काय म्हणाले?

तुळसा : काई नाई. हासले. मंग काई दिवसानं वाजाले लागली पुन्हा. मले वाटलं, गेली स्प्रिंग.

परसराम : मी म्हटलं होतं त्याले, डोमाभाऊ, मंग रस्ताभर उघडाच ठेव ना. रोज उतरा आन चढा, गुडघे दुखतात तुहे. तं म्हने, "नाई. पक्क्या रस्त्यावर पोरीचा मान. मोडापासून घरापर्यंत तुह्या वहिनीचा."

हर्षा : असं म्हणाले?

परसराम : आता शब्द इकडचे तिकडे झाले असतीन. गोष्ट हेच.

हर्षा : मला एवढं सांगायला काय झालं होतं त्यांना. मी समोर उभी होते. त्याच खटक्याला हात लावून विचारत होते.

तुळसा : तुह्यासमोर कसे सांगतीन? लाजत ते. बायकोले आयकू यावं म्हनून गाडी वाजवतो, असं पोरीले कोन बाप सांगन?

परसराम : आन वहिनीले सांगतलं असतं तं वहिनी म्हनती, पोरीच्या वस्तूची कदर नाई. दोघीच्या मधात फसला बिचारा.

तुळसा : म्हनली असती मी. खरंच म्हनली असती.

हर्षा : काका, चहा गार झाला तुमचा.

परसराम : होऊ दे. मी डोमाभाऊ नाई. मले गारबी चालते.

तुळसा : काय करतं मंग, बाई? काढतं का ठेवतं?

हर्षा : तू सांग ना.

तुळसा : मी नाई सांगत. वस्तू तुही हाय.

हर्षा : काका, जीप नेमकी कशाला लागणार आहे तुम्हाला?

परसराम : माह्या भाच्याची नाटक मंडळी हाय. दिवाळी झाली का गावोगाव मंडईच्या जत्रा, आन मंडई म्हटली का नाटक. पेटी, पडदे, राजाचा मुकुट आन राजाबी, सारे याच जीपमध्ये. रातभर जागलेले लोक राहतात, परतीच्या रस्त्यानं मांगं झोपतात.

हर्षा : म्हणजे बोनट वाजून चालणार नाही.

परसराम : हिरोइन भल्ली तापट हाय.

हर्षा : मग हा पाना घ्या. डाव्याच्या बोल्टची एक चाकी मी ढिली केली आहे, ती कसून घ्या. उजव्याला जरा तेल लागेल.

परसराम : आन तुहा दोर?

हर्षा : मायला कपडे वाळत घालायला होईल.

परसराम : पक्कं ना? मंग म्हनशीन, काकानं माही वस्तू नेली.

हर्षा : नाही म्हणणार. माप बरोबर होतं ना, झालं मग.

तुळसा : परसराम भाऊ, एक गोष्ट आयकान का?

परसराम : सांगा ना वहिनी.

तुळसा : आता निघान तवा उजवाच लावा. डावा राहू द्या तसाच. मोडापर्यंत.

परसराम : हाव. मोहाच्या झाडापाशी उतरतो आन लावतो.

तुळसा : हळू जाजा. बोनट उसळन.

परसराम : डोमाभाऊ नेत जाय तशीच नेतो. येतो वहिनी. येतो बेटा. मंडईले येजो नाटक पाहाले, पह्यल्या रांगेत बसवतो.

(जीप दोन-तीनदा खोकलते, सुरू होते आणि खडखडत अंगणाबाहेर पडते.)

हर्षा : चल माय, आत. ऊन आलं.

तुळसा : चूप राह्य जरा. विहारापाशी पोचली.

हर्षा : तुला एवढं कळतं?

तुळसा : विहाराच्या भिंतीले लागून आवाज वापस येते. आता मोकळा झाला, पाह्य. धानाच्या बांध्याइच्या मधातून जाऊन राहिली.

हर्षा : हाव. मलेबी आयकू येऊन राहिलं.

तुळसा : रपट्यावर उतरली.

हर्षा : थांबली का?

तुळसा : थांबली.

हर्षा : आता काहीच नाही आयकू येत, माय.

तुळसा : लागला म्हनजे खटका. चांगला आनला होता तुनं.