पाचची सुट्टी, सातची बस

कामगारांचं भलं करायचं म्हणजे काय वैताग असतो, ते मला विचारा! मी कळंबोलीत पत्रे कापायच्या ज्या कंपनीत सुपरवायझर आहे ना, ती मध्यंतरी डेन्मार्कच्या लोकांनी घेतली. पहिलाच हुकूम आला की पाचनंतर कुणी काम करायचं नाही, घरच्यांना वेळ द्यायचा. झालं, सातपर्यंतचा ओव्हरटाइम बंद.

पण आम्हाला घरी करंजाड्याला नेणारी कंपनीची बस सातची! ड्रायव्हर आधी शाळेची पोरं सोडतो, मग आमच्याकडे येतो. मी मेलवर मेल केले. उत्तर एकच, "बसचं नंतर बघू." म्हणून रोज पाचला सगळी मंडळी गेटबाहेर फुटपाथवर. मीसुद्धा.

मग तिकडून एक मॅडम पाहणीला आल्या. संध्याकाळी गेटबाहेर पडल्या, तर आम्ही पत्ते कुटत बसलेलो. एकदम खूश! "सुटल्यावरही एकत्र बसता? आमच्याकडे तर सगळे घरी पळतात!"

मी म्हटलं, "मॅडम, बस सातला येते."

"वा! त्यासाठी बससुद्धा उशिरा ठेवलीत?"

आता काय कपाळ फोडून घेऊ? पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो बुवा.

पुढच्या महिन्यात टेम्पो आला. त्यातून गेटबाहेर चार बाकडी उतरली. प्रत्येकावर पाटी, 'कामगार कल्याण'.

क्रेनवरचे आमचे म्हात्रेकाका त्यावर ऐसपैस टेकले आणि मला म्हणाले, "सायब, आदी थांबायचे पैसे भेटायचे. आता बाकडा भेटला!"