दोन महिन्यांचा कोट

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

“जुन्या घरमालकानं दोन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून दावा ठोकलाय, आणि तुम्ही खुशाल हसताय?”

“अगं, त्या भाड्याच्या बदल्यात त्याला कोट शिवून दिला ना मी!”

“पण लिहून घेतलंत का काही?”

“कोटाची कसली पावती?”

“मग आता जज्जसाहेबांना काय मापाची टेप दाखवणार?”

“कोट दाखवीन. आतल्या खिशावर माझ्या दुकानाचं लेबल आहे.”

“तो कशाला आणून देतोय!”

“ते बघ, जिन्यावरून कोण येतंय.”

“अगंबाई! तोच घालून आलाय की हो!”

“त्याच्याकडे दुसरा आहे कुठे? ते जाऊ दे, खांदे बघ. एक चुणी नाही!”